झिरो वायरमन

खेडेगावात लाईट गेली की लोक दोन फोन करतात. पहिला लाईनमनला. तो लागत नाही, किंवा लागलाच तर लाईनमन तिसऱ्याच गावात खांबावर असतो. दुसरा फोन ज्याला जातो तो दहा मिनिटांत मोटारसायकलवरून हजर. हातात पक्कड, शर्टाच्या खिशात टेस्टर, पायात स्लीपर. डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या फ्यूजच्या पेटीचं, दार उघडतो, फ्यूज बांधतो, वेळ पडली तर खांबावरही चढतो. लाईट येते. कोणी त्याला पन्नास देतो, कोणी शंभर, कोणी "सुगी झाली की बघू" म्हणतो. हा माणूस वीज कंपनीचा नाही आणि कुठल्या ठेकेदाराचाही नाही. लाईनमनच्या शब्दावर आणि गावाच्या गरजेवर त्याचं चाललेलं असतं. गावोगाव त्याला नाव एकच, झिरो वायरमन.

नाव चपखल आहे. हजेरीपटावर तो शून्य. मेला तर अहवालात त्याच्यासाठी दोन शब्द असतात, 'बाह्य व्यक्ती'.

मी सत्तावीस वर्षं आयटीआयमध्ये विजतंत्री ट्रेडचा निदेशक होतो. दर जानेवारीत विद्युत सुरक्षा सप्ताह यायचा, आम्ही फलक रंगवायचो, पोरांची रॅली काढायचो, पाहुणे भाषण करायचे. सगळ्या भाषणांचा सूर ठरलेला, नियम कडक हवेत आणि वायरमनला प्रशिक्षण हवं. मीही ते बोललोय. आता मला वाटतं, हे बोलणं बरोबर असूनही निरुपयोगी आहे. नियम आपल्याकडे भरपूर आहेत आणि चांगले आहेत. पण ते सगळे कागदावर नाव असलेल्या माणसाशी बोलतात. तारेला प्रत्यक्ष हात लावणारा माणूस त्या कागदावर नसतोच.

नियम काय म्हणतात ते बघा. १९५६ चे भारतीय वीज नियम पन्नासहून जास्त वर्षं चालले. त्यांच्या जागी २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम आले, २०२३ मध्ये ते पुन्हा नव्याने काढले. भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय विद्युत संहिताही १९८५, २०११ आणि २०२३ अशी तीनदा छापली गेली. यातली एक तरतूद १९५६ पासून जवळजवळ शब्दशः तशीच चालत आली आहे. दिवा, पंखा, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर ग्राहकाच्या जागेतलं विजेचं काम परवानाधारक ठेकेदारानेच घ्यायचं, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाने समोर उभं राहून करून घ्यायचं, आणि ज्याचा हात तारेला लागतो त्याच्याकडेही सरकारी परमिट हवं. लाईनच्या बाबतीत नियम आणखी पुढे जातो. चालू लाईनवर नेमून दिलेल्या माणसाखेरीज कुणी काम करायचं नाही आणि अशा कामात मदतसुद्धा करायची नाही. म्हणजे नियम लिहिणाऱ्याला खाली शिडी धरून उभा असलेला पोरगाही दिसला होता! त्याची नजर चांगली होती. त्यापुढे मात्र काही झालं नाही.

कारण झिरो वायरमन कुणाच्या बेफिकिरीतून जन्मत नाही, तो हिशेबातून जन्मतो. शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतीकडे जाणाऱ्या लाईनला, पाळी असते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आठ-दहा तास. कांदा पोसायला आलाय, विहिरीत कसंबसं पाणी आहे, आणि पाळी सुरू होऊन अर्धा तास झाला नाही तोच डीपीवरचा एक फ्यूज उडतो. तीनपैकी एक फेज गेला की मोटर नुसती घुमते, तशीच चालवली तर जळते. लाईनमनकडे सात-आठ गावं. तो येईपर्यंत पाळी संपणार. अशा वेळी शेतकऱ्याला विनियमातलं कलम वाचून दाखवायला मी तरी जाणार नाही.

फ्यूज उडतो तोही उगाच नाही. जवळजवळ प्रत्येक पंपाला ऑटो स्विच बसवलेला असतो. लाईट आली की एका डीपीवरच्या पंधरा-वीस मोटरी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, फ्यूज जातो. झिरो वायरमन तो बांधतो, दहा मिनिटांनी परत जातो. मग तो ठरलेल्या जाडीची तार सोडून ॲल्युमिनियमच्या तारेचे दोन-तीन पीळ घालतो. आता फ्यूज जात नाही. त्याऐवजी एके दिवशी ट्रान्सफॉर्मर जातो किंवा तुटून पडलेली तार तशीच जिवंत राहते, कारण तिला तोडणारं वाटेत काही उरलेलं नसतं.

प्रशिक्षणाचा मुद्दा मी हलका का मानतो, तेही सांगतो. माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा होता. दोन वर्षांचा कोर्स पुरा केलेला, वर्षभर शिकाऊ उमेदवारी केलेली. हात इतका स्वच्छ की त्याचा जॉइंट मी पुढच्या बॅचला दाखवायला ठेवला होता. कपाटात तो अजून असेल. आम्ही पहिल्या आठवड्यात एक गोष्ट घोटून घ्यायचो. लाईन बंद आहे असं कुणीही सांगितलं तरी ती चालू आहे असंच धरायचं. आधी टेस्टर चालू सॉकेटवर लावून तो पेटतो का बघायचं, मग बंद केलेल्या तारेवर लावायचा, मग परत चालू सॉकेटवर. मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर? म्हणून तिसरी पायरी. पोरं हसायची, पण करायची. हा मुलगा तर घरीही तसंच करतो, असं त्याची आई सांगायची.

भरतीची वाट बघता बघता तो गावात झिरो वायरमन झाला. रोहिणीच्या वादळात बाभळीची फांदी ११ केव्हीच्या तारेवर पडली. लाईनमन दुसऱ्या गावी अडकलेला. त्याने फोनवरून उपकेंद्रात बंद मागितला, ऑपरेटरने फीडर बंद केला, लाईनमनने याला फोन केला, "बंद आहे, चढ." गावाच्या कडेला शेतीचा फीडर आणि गावठाण फीडर जवळजवळ एका वाटेने जातात. बंद झाला होता शेतीचा. फांदी गावठाणच्या तारेवर होती.

त्याला शिकवलेलं सगळं येत होतं. पण खिशातला टेस्टर ११ हजार व्होल्टला लावायचा नसतो, लावणारा मरतो. त्यासाठी लांब काठीचा डिटेक्टर लागतो, आणि लाईन बंद केल्यावरही तिन्ही तारा जमिनीशी जोडून टाकायला डिस्चार्ज रॉड लागतो. चुकून कुणी लाईन चालू केली, किंवा एखाद्या मंगल कार्यालयाच्या जनरेटरची वीज उलटी तारेत आली, तरी ती तुमच्या अंगातून न जाता रॉडमधून जमिनीत जावी म्हणून. हे सामान कर्मचाऱ्याच्या नावावर निघतं. त्याच्या नावावर काही निघण्यासारखं नव्हतं, कारण त्याचं नाव कुठेच नव्हतं. उपकेंद्रात स्वतः फोन करून "कुठला फीडर बंद केलात?" एवढं विचारायचाही त्याला हक्क नव्हता. विचारलं असतं तर ऑपरेटर म्हणाला असता, तू कोण?

संध्याकाळपर्यंत लोक उपकेंद्राच्या दारात बसले. पुढे चौकशी झाली. निष्कर्षाचं वाक्य मी वाचलंय. बाह्य व्यक्ती अनधिकृतपणे खांबावर चढल्याने अपघात. त्यात एकही शब्द खोटा नाही.

मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिलेला निकाल या संदर्भात आठवतो. रात्री सायकलवरून घरी निघालेला माणूस पावसाच्या पाण्यात तुटून पडलेल्या तारेवर गेला. वीज मंडळाचं म्हणणं, कुणीतरी चोरून वीज घेत होतं म्हणून तार पडली, आमचा दोष नाही. न्यायालयाने ते ऐकलं नाही. इतकी धोकादायक वस्तू पुरवण्याचा व्यवसाय जो करतो त्याने नुकसानीची जबाबदारी घ्यायची, दोष सिद्ध होवो न होवो, असं ठरलं. वाटसरूला कायद्याने हे कवच दिलं, चांगलंच झालं. पण ज्याने गावाची लाईन वर्षानुवर्षं चालू ठेवली त्याच्या घरच्यांनी नुकसानभरपाई मागितली की उत्तर तयार असतं, "तो आपणहून चढला."

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंचा देशाचा आकडा अलीकडच्या वर्षांत सातत्याने बारा हजारांच्या वर आहे. वीज पडून मेलेले यात नाहीत, ते वेगळे मोजतात. अंगणातल्या तारेवर कपडे वाळत घालणारी बाई, मोटर चालू करायला गेलेला शेतकरी आणि दुसऱ्यासाठी खांबावर चढलेला पोरगा त्या एकाच आकड्यात आहेत.

हे खेड्यातलं झालं, आमच्याकडे सगळं रीतसर असतं, असं पुण्या-ठाण्यातल्या वाचकाला वाटत असेल तर त्याने आपल्या फ्लॅटचं वायरिंग कुणी केलं ते आठवून बघावं. नाव आठवणार नाही. इंटिरियरवाल्याने ठेकेदाराला दिलं, ठेकेदाराने पॉईंटच्या दराने दुसऱ्याला, आणि भिंतीत झिरी मारून पाईप टाकणारा विशीतला पोरगा कुठून आला ते त्या दुसऱ्यालाच ठाऊक. टेस्ट रिपोर्टवर मात्र परवानाधारकाचा शिक्का असतो. त्यातल्या बऱ्याच जणांनी तुमची इमारतही पाहिलेली नसते. शिक्क्याचा दर ठरलेला आहे, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. हा पोरगाही झिरो वायरमनच. फक्त त्याच्या डोक्यावर फॉल्स सीलिंग आहे.

पॉईंटच्या दराचा परिणाम भिंतीच्या आत होतो. लाल आणि काळी तार नेली नाही तर दिवा लागत नाही, म्हणून त्या जातात. हिरवी, म्हणजे अर्थिंगची, नेली नाही तरी सगळं चालतं, आणि पैसे तेवढेच. मग सॉकेटच्या मागे तीन इंचाचा एक तुकडा घालतात, न्यूट्रलच्या, म्हणजे काळ्या तारेच्या, स्क्रूवरून अर्थच्या स्क्रूवर. टेस्टिंगचा दिवा लावून बघितला तर अर्थिंग आहे असंच दिसतं. पुढे कधीतरी मागे कुठेतरी न्यूट्रल सैल होते, आणि गिझरच्या, वॉशिंग मशिनच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येऊन बसतात. ज्या तुकड्याने दिखावा केला तोच आता माणूस मारतो. सत्तावीस वर्षांत मला सगळ्यात जास्त भीती या तीन इंचांची वाटली.

"पण आमच्याकडे एमसीबी आहे की!" (एमसीबी म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच.) हे मी शिकलेल्या लोकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, गणित मांडतो. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरा. २३० व्होल्टला अंगातून २३० मिलिअँपिअर जातील. हृदयाची लय बिघडवायला याहून कितीतरी कमी पुरतं. तुमची एमसीबी १६ अँपिअरची, म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअरची. तुम्ही बाथरूममध्ये चिकटलात तर तिच्या लेखी घरात एक छोटा बल्ब लागलाय. एमसीबी तारेला वाचवायला असते. माणसाला वाचवते ती आरसीसीबी, जी गेलेला आणि आलेला करंट यांतला फरक मोजते आणि घरगुती वापरात ३० मिलिअँपिअरच्या फरकाला पडते. मोठ्या भाराच्या घरगुती जोडण्यांना नियमाने ती लागतेच. बसवलेलीही असते. पण न्यूट्रल-अर्थ गुंतलेल्या वायरिंगमध्ये ती सारखी पडते, दोष शोधायला अर्धा दिवस जातो, अर्ध्या दिवसाचे पैसे द्यायची कुणाची तयारी नसते. मग वायरमन तिला वळसा घालून तार नेतो. डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या एमसीबींच्या पेटीत, ती शोभेला उरते. दीड-दोन हजारांची वस्तू, आणि त्याच खोलीत छतावर रंगीत एलईडीची पट्टी असते.

एमसीबीचंही तसंच. "सारखी पडते, मोठी टाका." ग्राहकाला यात काही गैर वाटत नाही आणि वायरमन वाद घालत नाही, कारण तो नाही म्हणाला तर दुसरा टाकून जाईल. दोन किलोवॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर घेतो, त्याच तारेवर पुढे इस्त्री आणि ओव्हन येतात. १६ च्या जागी ३२ टाकली की एमसीबी शांत होते. तापायचं काम मग भिंतीतली तार करते.

आणि आग लागली की छापून येतं, "शॉर्ट सर्किटमुळे." हा शब्द म्हणजे आपल्याकडचं सर्वमान्य माफीपत्र झालाय. खरं तर सरळसोट शॉर्ट सर्किट झालं आणि एमसीबी योग्य असेल तर ती डोळ्याचं पातं लवायच्या आत पडते. आगी बऱ्याचदा सैल जॉइंटमधून लागतात. तिथे करंट वाढत नाही, नुसती उष्णता वाढते, एमसीबीला पत्ता लागत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला, दहाहून अधिक रुग्ण गेले. दोन्ही वेळी बातम्यांत तोच शब्द होता. शॉर्ट सर्किट हा परिणाम आहे. जॉइंट कुणी मारला, कुणाच्या देखरेखीखाली, तपासला कुणी, हे प्रश्न त्या शब्दाच्या मागे लपून राहतात. रस्त्यावर अपघात झाला तर चालकाचं नाव लागतं. इथे चालकच नसतो.

माझ्यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो माझेच जुने सहकारी घेतील. वायरमन स्वतःच ऐकत नाहीत, हातमोजे दिले तर डिकीत ठेवतात. खरं आहे. मीही कधी घातले नाहीत. रबरी मोज्यात नटबोल्ट बोटांना लागत नाही, मे महिन्यात घामाने हात बुळबुळीत होतो. माझे उस्ताद तारेला आधी बोटांची उलटी बाजू लावून बघायचे, म्हणजे धक्का बसला तर स्नायू आखडून हात मागे येतो, तार मुठीत धरली जात नाही. मी पोरांना ते कधी शिकवलं नाही, पण माझं बघून काही शिकलीच. या धंद्यात भीती ही लाजेची गोष्ट मानतात. "भितोस काय?" या दोन शब्दांनी जेवढे लोक खांबावर चढवलेत तेवढे कुठल्या साहेबाच्या हुकमाने चढवले नसतील. पण या फुशारकीच्या मुळाशीही तीच गोष्ट आहे. ज्याला कायदेशीर नकार देता येत नाही तो नकाराची गरजच नाही असं दाखवत राहतो. परमिटवाला लाईनमन "लेखी बंद मिळाल्याशिवाय चढत नाही" म्हणू शकतो, त्याच्यामागे संघटना असते. झिरो वायरमनने असं म्हटलं तर उद्या गाव दुसऱ्याला फोन लावेल.

म्हणून झिरो वायरमनवर बंदी आणा, गुन्हे दाखल करा, या मागणीला माझा विरोध आहे. ती मागणी करणाऱ्याच्या शेतात मोटर नसते. त्याला नोंदीत आणा. राज्यात २०१६ च्या सुमारास ग्राम विद्युत व्यवस्थापकाची कल्पना निघाली होती, लहान ग्रामपंचायतींसाठी, आयटीआय झालेल्या गावातल्याच मुलाला नेमून. दिशा अचूक होती. आमच्या भागात तरी ती ग्राहकागणिक काही रुपयांच्या मोबदल्यात अडकली आणि जुनाच कारभार चालू राहिला. ती पुन्हा उकरून काढावी, पण यावेळी सामान आणि बंद मागायचा हक्क यांच्यासकट. ज्याचा फोन उपकेंद्रातला ऑपरेटर घेतो आणि ज्याला फीडरचं नाव मोबाईलवर लेखी येतं, तो झिरो राहत नाही. मोबदला वाढवण्याआधी एवढं झालं तरी माझी हरकत नाही. वायरमनचं परमिट द्यायची परीक्षाही तालुक्याच्या गावी, शिडीवर चढवून, हातात पक्कड देऊन व्हावी. पन्नाशीचा अनुभवी माणूस लेखी पेपरच्या धास्तीने आयुष्यभर बेकायदा राहतो, यात कुणाचं भलं आहे?

शहरात तर याहून सोपं आहे. टेस्ट रिपोर्टवर ठेकेदाराच्या सहीखाली आणखी एक ओळ हवी, काम प्रत्यक्ष कुणी केलं आणि त्याचा परमिट नंबर काय. तीच चिठ्ठी डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी. ज्याचं नाव दहा वर्षं त्या दारावर राहणार आहे तो हिरवी तार गाळताना थोडा थबकेल. नावाची लाज कामगाराला असते, संधी मिळाली तर. गवंडीसुद्धा कधी ओल्या सिमेंटवर नाव कोरून ठेवतो.

आणि घरमालकानेही थोडं सोसायला हवं. गेल्या महिन्यात आमच्याच घरी स्वयंपाकघरातलं एक सॉकेट बदलायला मुलगा आला. "मेन बंद करू का काका?" त्याने विचारलं. आतून आवाज आला, "पाच मिनिटं थांब, चटणी वाटून होतेय." मी खुर्चीतून म्हणालो, "त्याला सवय असते, करू दे." बोलून गेलो आणि मग उठून स्वतः मेन पाडली. चटणी अर्धीच राहिली. त्यावरून घरात जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

वादळात खांबावर गेलेल्या माझ्या त्या विद्यार्थ्याच्या गावी मी मध्ये एकदा गेलो होतो. पाण्याच्या टाकीजवळच्या डीपीच्या पत्र्याच्या दारावर वीज कंपनीने लाल रंगात लिहिलेला तक्रारीचा नंबर उन्हाने पुसट झालाय, शेवटचे तीन आकडे लागत नाहीत. त्याच्या खाली खडूने, मग कोळशाने, मग खिळ्याने कोरून लोकांनी आपापले नंबर लिहून ठेवलेत. त्यातला त्याचा नंबर मला ओळखता आला. त्यावर आडवी रेघ मारलेली होती आणि खाली ताज्या निळ्या ऑइलपेंटने दुसरा नंबर होता. नंबरापुढे नाव नव्हतं, नुसतं 'लाईट' लिहिलं होतं.